परतलेल्यांचा शिधा : लखनौच्या अनुभवातून काय दिसले?

३ मे २०२० रोजी, रविवारी सकाळी, नाशिक रोडहून निघालेली श्रमिक विशेष रेल्वेगाडी लखनौच्या चारबाग स्थानकात पोहोचली. गाडीत आठशेहून अधिक प्रवासी होते. त्यांपैकी अनेकजण मार्चअखेरीस मुंबई परिसरातून पायी गावाकडे निघालेले मजूर होते. त्यांना नाशिक जिल्ह्यात थांबविण्यात आले आणि सुमारे महिनाभर तेथील निवारा केंद्रांमध्ये ठेवण्यात आले. चारबागला उतरल्यावर त्यांची आरोग्य तपासणी झाली आणि राज्य परिवहनाच्या बसगाड्यांनी त्यांना आपापल्या जिल्ह्यांकडे रवाना करण्यात आले.

देशव्यापी टाळेबंदीच्या काळात उत्तर प्रदेशात परतलेल्या मजुरांची संख्या पुढे ३२ लाखांवर गेली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशभरात १ कोटी ४ लाखांहून अधिक स्थलांतरित कामगार आपल्या राज्यात परतले. त्यांतील जवळपास एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ३२ लाख ५० हजार, एकट्या उत्तर प्रदेशातील होते. एवढ्या लोकांच्या पोटापाण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी लखनौच्या प्रशासनावर येऊन पडली.

त्या वेळी देशात धान्याची टंचाई नव्हती. १ एप्रिल २०२० रोजी केंद्राच्या गोदामांत सुमारे ५६९ लाख टन गहू व तांदूळ होता. त्या तारखेला राखीव साठ्याचे प्रमाण २१० लाख टन ठरलेले आहे. म्हणजेच गरजेच्या अडीचपटीहून अधिक धान्य शिल्लक होते. शिवाय देशात अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ पासून लागू होता. तरीही शहरांतून निघालेल्या मजुरांना उपासमार सोसावी लागली. याचे कारण शोधताना गोदामातील साठ्यापेक्षा शिधापत्रिकेवरील पत्त्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

परतलेला कोण आणि विस्थापित कोण?

संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये अंतर्गत विस्थापनासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सशस्त्र संघर्ष, हिंसाचार, मानवी हक्कांचे उल्लंघन किंवा नैसर्गिक व मानवनिर्मित आपत्ती यांमुळे घर सोडणे भाग पडलेली, परंतु देशाची सीमा न ओलांडलेली व्यक्ती म्हणजे अंतर्गत विस्थापित, अशी त्यांतील व्याख्या आहे. अशा व्यक्तींना अन्न व पिण्याचे पाणी मिळालेच पाहिजे, असे ही तत्त्वे सांगतात.

लखनौला परतलेला मजूर या व्याख्येत सहजपणे बसत नाही. तो स्वतःच्याच घरी निघालेला असतो, परंतु आपल्या इच्छेने निघालेला नसतो. शहरात काम बंद, मजुरी बंद आणि भाड्याची खोली हातची गेलेली, अशा स्थितीत त्याने परतीची वाट धरलेली असते. गावी त्याचे घर असले, तरी त्या घरातील चूल बहुधा त्यानेच शहरातून पाठविलेल्या पैशांवर पेटत असते. तो परतला की घरातील मिळकत थांबते आणि खाणारी माणसे वाढतात. त्यामुळे अन्नसाहाय्याच्या दृष्टीने परतलेल्याची गरज विस्थापिताच्या गरजेपेक्षा फारशी वेगळी राहत नाही.

लखनौला अशा माणसांची ओळख जुनी आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे आलमबागसारख्या वस्त्यांमध्ये स्थायिक झाली. त्याच सुमारास महाराष्ट्रात कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला आणि त्या छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. छावणीतील माणसांची नोंद एकाच ठिकाणी होत असल्याने शिधा कोणाला द्यायचा, हे ठरलेले असे. २०२० मधील मजूर मात्र अशा कोणत्याही छावणीत नव्हते. ते रस्त्यावर, फलाटावर किंवा बसमध्ये होते.

वाटेवरचे अन्न

अन्नसाहाय्याचे साधारणपणे तीन प्रकार मानले जातात : शिजविलेले जेवण, कोरडा शिधा आणि रोख रक्कम. यांपैकी काय द्यावे हे गरजूजवळ चूल, भांडी, इंधन आणि जवळपास बाजार आहे की नाही यावर ठरते. प्रवासात असलेल्या माणसाला पाच किलो गहू देऊन उपयोग नसतो. त्याला शिजलेले अन्न लागते. आपत्कालीन मदतीची आंतरराष्ट्रीय मानकेही शिजलेल्या अन्नाचा पुरवठा अशा थोड्या काळापुरताच योग्य मानतात. घर आणि चूल मिळाली की कोरडा शिधा देणे श्रेयस्कर समजले जाते.

मार्च २०२० च्या अखेरीस केंद्रीय गृह मंत्रालयाने अडकून पडलेल्या मजुरांसाठी तात्पुरता निवारा आणि अन्नाची सोय करण्याचे निर्देश राज्यांना दिले. उत्तर प्रदेशात सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू करण्यात आली. लखनौमध्ये प्रशासनाच्या बरोबरीने गुरुद्वारांचे लंगर आणि स्वयंसेवी संस्थाही या कामात उतरल्या. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीची किंमत टाळेबंदीत दहा रुपयांवरून पाच रुपये करण्यात आली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असे या थाळीचे स्वरूप होते.

परंतु वाटेवरील व्यवस्था सर्वांपर्यंत पोहोचली नाही. ८ मे २०२० रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रेल्वेमार्गावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. ते जालन्याहून पायी निघाले होते आणि मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी त्यांना रेल्वेगाडी गाठायची होती. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. १६ मे रोजी उत्तर प्रदेशातील औरैयाजवळ ट्रकच्या अपघातात किमान २४ मजुरांचा मृत्यू झाला. श्रमिक गाड्यांमधील प्रवासही सर्वांसाठी सुरक्षित ठरला नाही. या गाड्यांमध्ये ९७ जणांचा मृत्यू झाल्याची माहिती रेल्वेमंत्र्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत दिली. त्यांतील अनेकांना आधीपासून आजार असल्याचे सरकारचे म्हणणे होते.

सर्वोच्च न्यायालयाने २६ मे २०२० रोजी या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. दोन दिवसांनी दिलेल्या अंतरिम आदेशात अन्नाची जबाबदारी टप्प्याटप्प्याने वाटून देण्यात आली. मजूर जेथे अडकला असेल तेथे आणि गाडी सुटण्याच्या स्थानकावर त्या राज्याने, तर धावत्या गाडीत रेल्वेने अन्न व पाणी द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. मजुरांकडून प्रवासभाडे घेऊ नये, असेही बजावण्यात आले. १ मे ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात अशा ४,६२१ गाड्यांमधून ६३ लाखांहून अधिक प्रवासी परतले. मात्र हा आदेश निघाला तेव्हा गाड्या सुरू होऊन जवळपास चार आठवडे झाले होते.

घराच्या उंबरठ्यावर

गावी पोहोचलेल्या मजुराला प्रथम विलगीकरणात राहावे लागे. ज्यांच्या घरी जागा होती ते घरीच थांबत. इतरांची सोय शाळा किंवा तत्सम इमारतींमध्ये होत असे. या काळात घराबाहेर पडून काम करणे शक्य नव्हते. त्यासाठी उत्तर प्रदेश सरकारने परतलेल्या मजुरांना शिधासंच आणि १,००० रुपये निर्वाह भत्ता देण्याची योजना आखली. लखनौ येथील राहत आयुक्त कार्यालयाकडे परतलेल्यांच्या नोंदीचे आणि त्यांच्याजवळील कौशल्यांची माहिती गोळा करण्याचे काम सोपविण्यात आले.

शिधासंचाचा उपयोग मर्यादित असतो. त्यावर कुटुंबाचे काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे निघतात. जगभर अशा संचाकडे पूल म्हणूनच पाहिले जाते. तो संपण्यापूर्वी नियमित शिधा किंवा मजुरी सुरू झाली नाही, तर कुटुंबाला कर्ज काढावे लागते, किडूकमिडूक विकावे लागते किंवा जेवणाच्या वेळा कमी कराव्या लागतात. त्यामुळे संच संपल्यावर त्या घराची नोंद रास्त भाव दुकानात आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

शिधापत्रिका गावात, माणूस शहरात

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला सवलतीच्या धान्याचा हक्क मिळाला. प्राधान्य गटातील व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. राज्यनिहाय प्रमाण मात्र वेगवेगळे आहे. उत्तर प्रदेशात ग्रामीण भागातील ७९.५६ टक्के आणि शहरी भागातील ६४.४३ टक्के लोकसंख्या या कायद्याच्या कक्षेत येते. महाराष्ट्रात हेच प्रमाण अनुक्रमे ७६.३२ आणि ४५.३४ टक्के आहे.

या आकड्यांत स्थलांतरिताची अडचण दडलेली आहे. उत्तर प्रदेशातील खेड्यात त्याचे नाव शिधापत्रिकेवर असण्याची शक्यता मोठी असते. मुंबई, ठाणे किंवा नाशिकमध्ये तो वर्षातील आठ-दहा महिने राहतो, परंतु तेथील लाभार्थ्यांच्या यादीत त्याला जागा नसते. नवीन शिधापत्रिका काढायची तर मूळ पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. गावी आईवडील आणि मुले असताना नाव कमी करून घेणे सहसा कोणाला परवडत नाही. परिणामी शहरात तो बाजारभावाने पीठ-तांदूळ घेतो आणि त्याच्या नावाचा शिधा गावी राहतो.

याच्या उलट अडचण परतलेल्यांपैकी काहींच्या वाट्याला आली. अनेक वर्षे गावाबाहेर राहिल्याने त्यांची नावे गावच्या पत्रिकेतून वगळली गेली होती किंवा लग्नानंतर पत्नीचे आणि पुढे मुलांचे नाव कधी चढविलेच नव्हते. उत्तर प्रदेशात पत्रिकेवरील प्रत्येक व्यक्तीला ‘यूनिट’ आणि रास्त भाव दुकानदाराला ‘कोटेदार’ म्हणतात. जितकी यूनिटे, तितकेच धान्य कोटेदाराला मिळते. यादीत नसलेल्या माणसाला त्याने धान्य दिले, तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून जाते.

कायदा करताना ही उणीव कोणाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. २०११ मध्ये लोकसभेत मांडलेल्या मूळ विधेयकात निराधार, बेघर, स्थलांतरित आणि आपद्ग्रस्त अशा विशेष गटांसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. २०१३ मध्ये कायदा झाला तेव्हा त्या त्यात राहिल्या नाहीत.

पाच किलो धान्य म्हणजे किती?

दरमहा ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम धान्य. गहू किंवा तांदळाच्या १०० ग्रॅममधून साधारण ३५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. या हिशेबाने पत्रिकेवरील धान्यातून माणसाला दिवसाला ५८० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा मिळते. आपत्तीच्या काळात प्रत्येक व्यक्तीला दिवसाला सरासरी २,१०० किलोकॅलरी मिळाव्यात, असे स्फिअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकांत नमूद आहे. म्हणजेच नियमित शिध्यातून या गरजेचा चौथा भाग किंवा किंचित अधिक भागतो. उरलेले अन्न विकत घ्यावे लागते आणि त्यासाठी मजुरी लागते.

२६ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेने हे प्रमाण दुप्पट केले. पत्रिकाधारकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य अतिरिक्त व मोफत, तसेच कुटुंबामागे १ किलो डाळ देण्यात आली. यामुळे धान्यातून मिळणारी ऊर्जा निम्म्या गरजेपलीकडे गेली. तथापि ही योजना पत्रिकेवर नाव असणाऱ्यांसाठी होती. पत्रिकाच नसलेल्या स्थलांतरितांसाठी १४ मे रोजी स्वतंत्र घोषणा झाली. सुमारे ८ कोटी लोकांसाठी दोन महिन्यांकरिता ८ लाख टन धान्य मंजूर करण्यात आले. प्रत्यक्षात त्यातील निम्म्याहून कमी धान्य लाभार्थ्यांच्या हाती पडले. ज्यांची कोठेही नोंद नाही अशी माणसे शोधायची कशी, याची पूर्वतयारी नव्हती आणि धान्य दुकानांत येईपर्यंत अनेकजण शहर सोडून गेले होते.

अन्नासोबत काम

परतलेल्या कुटुंबाला नुसते धान्य पुरत नाही, याची जाणीव लखनौला अडीचशे वर्षांपासून असावी. शहरातील बडा इमामबाडा नवाब आसफउद्दौला याने १७८४ च्या सुमारास, उत्तर हिंदुस्थानात ‘चालीसा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळाच्या काळात, लोकांना काम मिळावे म्हणून बांधावयास घेतला, असे परंपरेने सांगितले जाते. दिवसा मजूर बांधकाम करीत आणि काम करताना ओळखले जाण्याची लाज वाटणारे प्रतिष्ठित लोक रात्री काम करीत, अशी आख्यायिका आहे. तीत इतिहास किती हे बाजूला ठेवले, तरी मदत घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा विचार तीत निश्चित आहे.

महाराष्ट्राचा अनुभव याहून जवळचा आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो ग्रामस्थांना खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांनी तारले. कामावर सुखडी वाटली जाई आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे. यातूनच महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत झाला.

२०२० मध्येही हाच मार्ग अनुसरण्यात आला. त्या वेळी लागू असलेल्या महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यासाठी मे महिन्यात ४० हजार कोटी रुपयांची अतिरिक्त तरतूद जाहीर झाली. २० जून रोजी सुरू झालेले गरीब कल्याण रोजगार अभियान सहा राज्यांतील ११६ जिल्ह्यांत १२५ दिवस राबविण्यात आले. त्यांत उत्तर प्रदेशातील ३१ जिल्हे होते. परंतु गवंडी, वेल्डर, शिंपी किंवा यंत्रमाग कामगार म्हणून शहरात कमावणाऱ्याला गावात मातीकामाची मजुरी अपुरी पडली. काही महिन्यांतच अनेकांनी पुन्हा शहराची वाट धरली.

एक देश, एक शिधापत्रिका

शिधा माणसासोबत जावा, या हेतूने ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना आखण्यात आली. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात, तसेच आंध्र प्रदेश व तेलंगणा अशा दोन जोड्यांमध्ये ती प्रथम अमलात आली. उत्तर प्रदेश या योजनेत सामील झाला तो दिवस १ मे २०२० हा होता. पहिली श्रमिक विशेष गाडीही त्याच दिवशी तेलंगणातून झारखंडकडे सुटली. मजूर घराकडे निघाले असताना त्यांची पत्रिका परराज्यांत चालू लागली होती. जून २०२२ मध्ये आसामचा समावेश झाल्यावर ही योजना सर्व राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत पोहोचली.

योजनेची कार्यपद्धती सोपी आहे. पत्रिका आधारशी जोडलेली असली, की कोणत्याही रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा लावून धान्य घेता येते. कुटुंबाच्या वाट्याचे काही धान्य शहरात आणि उरलेले गावी घेण्याचीही मुभा आहे. तथापि गावी संपूर्ण कोटा आधीच उचलला असेल, तर शहरात त्या महिन्यात काही मिळत नाही. राबून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र कधी कधी स्वीकारीत नाही. एखाद्या राज्याने स्वतःच्या खर्चाने दिलेला जादा जिन्नस दुसऱ्या राज्यातील लाभार्थ्याला मिळत नाही. राज्यांतर्गत व्यवहारांच्या तुलनेत आंतरराज्य व्यवहारांचे प्रमाण अजूनही अल्प आहे.

ज्यांच्याकडे पत्रिकाच नाही, त्यांचा प्रश्न या योजनेने सुटत नाही. २९ जून २०२१ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ही योजना ३१ जुलैपर्यंत लागू करण्याचे, महासाथ असेपर्यंत सामुदायिक स्वयंपाकघरे चालविण्याचे आणि असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदणी सुरू करण्याचे आदेश दिले. त्यानुसार २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. नोंदणी झालेल्यांपैकी सुमारे ८ कोटी लोकांकडे शिधापत्रिका नसल्याचे पुढे निदर्शनास आले. त्यांना तीन महिन्यांत पत्रिका द्याव्यात, असा आदेश न्यायालयाने २० एप्रिल २०२३ रोजी दिला. लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवर आधारलेली असल्याने यादीत जागा कोठून आणायची, असा प्रश्न राज्यांनी उपस्थित केला.

अन्य देशांतील पद्धत

२०२० चा नोबेल शांतता पुरस्कार मिळालेला जागतिक अन्न कार्यक्रम परतलेल्यांना टप्प्याटप्प्यानेच मदत देतो. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटल्यानंतर दक्षिण सुदानचे लाखो नागरिक मायदेशी परतले. सीमेजवळील रेंक येथे त्यांना पौष्टिक बिस्किटे आणि तयार अन्न, तर पुढे रोख रक्कम किंवा शिधा अशी मदत देण्यात आली. २०२३ पासून पाकिस्तान व इराणमधून परतलेल्या अफगाण कुटुंबांनाही सीमेवरच पहिली मदत मिळाली. तेथील अडचण निधीची आहे. देणगीदार राष्ट्रांनी हात आखडता घेतला की शिधा निम्म्यावर येतो किंवा कुटुंबांची नावे यादीतून कमी होतात. भारताजवळ धान्य स्वतःचे आहे आणि वितरणाचे जाळेही देशभर पसरलेले आहे. येथे अडचण येते ती नोंदीची.

पुढील गणनेची प्रतीक्षा

१ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य मोफत करण्यात आले असून, १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते मोफत देण्याचा निर्णय झाला आहे. मात्र टाळेबंदीतील अतिरिक्त ५ किलो २०२२ च्या अखेरीस बंद झाले. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित करण्यात आली आहे. तिचे आकडे हाती आल्यावर लाभार्थ्यांची संख्या नव्याने ठरविण्यास आधार मिळेल.

त्या गणनेतही वर्षातील काही महिने मुंबईत आणि काही महिने गावी राहणाऱ्या मजुराला कोठला रहिवासी म्हणून मोजायचे, हे ठरवावेच लागेल. पूर्व उत्तर प्रदेशात दरवर्षी शरयू आणि राप्तीच्या पुरामुळे घर सोडावे लागणाऱ्या कुटुंबांसाठीही पत्रिका कोणत्या दुकानात चालते, हा नेहमीचाच प्रश्न आहे. चारबागला त्या सकाळी उतरलेल्यांपैकी जे पुन्हा नाशिक-मुंबईला आले, त्यांना आता नियमाप्रमाणे येथील रास्त भाव दुकानातही आपला शिधा घेता येतो. त्यासाठी पत्रिकेवर त्यांचे नाव असणे आणि ते आधारशी जोडलेले असणे आवश्यक आहे. ही जोडणी गावी असतानाच करून घेतली, तर परक्या शहरात दुकानासमोर उभे राहिल्यावर रिकाम्या पिशवीने परतण्याची वेळ टळू शकते.